तांब्याची नळी

साचलेलं पाणी दिसलं की भाऊ त्यात करंगळी घालून ढवळायचे. आमच्या दारातली बादली असो की कुत्र्याचं भांडं. "पाणी फिरलं पाहिजे, वहिनी," म्हणायचे. मी म्हणायचे, "बोट धुतलंय का?"

आणीबाणीनंतरची गोष्ट. नाशकात तांबट गल्लीत खाली आमचं दुकान, वरच्या खोलीत भाऊ. ते छापखान्यात बाइंडिंग करायचे. त्यांच्या बायकोची एक बाजू लकव्यानं गेलेली, मान एकाच अंगाला वळायची. त्या अंगाला भाऊंनी टेबलावर काचेची पेटी ठेवली, पेटीत सात मासे. तिचा सगळा दिवस त्या पेटीत जायचा. एखादा मासा दगडाआड गेला तरी ती हाक मारायची. भाऊ कामावर गेले की दुपारची भाकरी तिला मी भरवायचे. बायकोला असं सांभाळणारे नवरे तुम्ही पाहिले असतील; मी एकच पाहिला.

पेटीला हवेचा पंप होता, पण बुडबुडे एकाच कोपऱ्यात. दुसऱ्या कोपऱ्यात घाण साचायची, मासे वर येऊन तोंडं उघडायचे. भाऊंनी दगड हलवून पाहिले, झाडं काढून पाहिली. शेवटी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून आमच्या ह्यांच्याकडे आले. तळाशी भोकं पाडलेली लांब नळी, म्हणजे बुडबुडे सगळीकडून निघतील आणि खालचं पाणी वर ओढतील.

"रबराची घाला," हे म्हणाले.

मध्ये मी बोलले. "रबर सडतं. तांब्यातलं पाणी आपण पितो, माशांना कसली धाड भरते?"

भाऊ हसले. "तांबटणीपुढं कोण बोलणार?"

ह्यांनी नळी वाकवली. मी ती चिंचेनं घासून लखलखीत केली.

पाणी खरंच फिरलं. कोपऱ्यातला गाळ उठला, झाडांची पाती डोलायला लागली. बाई अर्ध्या तोंडानं हसली. भाऊंनी सगळी गल्ली बघायला वर बोलावली.

चौथ्या दिवशी पेटीतल्या गोगलगायी तळाशी पडल्या. मग एक मासा आडवा झाला. भाऊंना वाटलं, पाणी अजून कमीच फिरतंय. नळी खाली आणून आणखी भोकं पाडून घेतली. मी पुन्हा चिंच लावली. आठवड्यात सातही मासे गेले.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"पाणी जड होतं, वहिनी."

महिन्यानं मी भद्रकालीत पेटीतले मासे विकणाऱ्याकडे गेले, चार मासे भाऊंना द्यावेत म्हणून. नळीचं सांगितलं तसा तो म्हणाला, "मावशी, तांबं माशांना विष. मासे मेले तेव्हाच भाऊंना मी सांगितलं होतं."

मासे न घेताच परतले आणि थेट वर गेले. "तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

भाऊ दाराबाहेर आले, आवाज खाली केला. "तिला पाण्याचंच सांगितलंय. तुमच्या हातचं खायची थांबली तर मी काय करू?"

पेटी काढली होती. तिथं खुर्ची होती. भाऊ जाऊन खुर्चीत बसले आणि छापखान्यातून आणलेल्या कागदांच्या घड्या घालू लागले. घाई नव्हती कसलीच. बाईची नजर त्यांच्या हातांबरोबर फिरत होती.

दोन वर्षं ते रोज संध्याकाळी तसे बसले. ती गेल्यावर खोली सोडून मनमाडला भावाकडे गेले, परत आले नाहीत.

मी तिला शेवटपर्यंत भरवलं. कधी सांगितलं नाही. दुपारी खुर्ची रिकामी असायची. घास चावताना ती तिकडेच बघायची.