मृदंगाची कणीक

सुनेनं कणीक भिजवली की त्या वासानं मला शामुवेलबाबा आठवतात. आमच्या ख्रिस्ती कीर्तनाला ते मृदंग वाजवायचे आणि नाद घुमावा म्हणून त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापायचे.

बहात्तरच्या दुष्काळात सोनईजवळच्या एका वस्तीवर मी येशूच्या दुःखसहनाचं कीर्तन केलं. लोक ढसाढसा रडले. काहीजण तिथंच बाप्तिस्मा मागू लागले. माझ्या गळ्यात हार पडत होते.

कीर्तन संपलं की आम्ही दोघं आधी गुडघे टेकायचो, मगच हार नि चहा. बाबा आंधळे, म्हणून मी त्यांना हाताला धरून टेकवायचो. त्या दिवशीही त्यांनी हात पुढं केला. "चल रं, आधी देवापुढं हात पसरू."

"रोज काय मागत बसायचं, बाबा? आज मिळालंय की!" मी म्हणालो. लोक हसले. कणकेनं माखलेला तो हात तसाच हवेत राहिला.

मग ते चाचपडत एकटेच खाली टेकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "देवा, ह्याचा आवाज काढून घे. न्हाईतर ह्यो वाया जाईल."

पन्नास वर्षं झाली. आवाज अजून खणखणीत आहे, लोक अजून रडतात, मी गुडघे न टेकताच हार घालून घेतो. देवानं बाबांचं ऐकलं नाही.