मुद्दाम केलेली चूक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा!

आधी माझी बढाई ऐकून घ्या. पुणतांब्याला माझ्या चौथीच्या वर्गासारखा वर्ग पंचक्रोशीत नव्हता. शेजारच्या वर्गात कालवा चाललेला असायचा आणि माझी पोरं डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघत असायची. का? तर मी रोज सांगायचो — आजच्या धड्यात मी मुद्दाम एक चूक करणार, पकडा! मग कुणाची बिशाद होती खिडकीबाहेर बघायची? तपासणीला आलेले साहेब थक्क झाले. बाकीच्या मास्तरांना ही युक्ती शिकवायला मला गावोगाव बोलावणं यायचं. सुचली कशी, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, चिंतनातून. डोंबलाचं चिंतन! पण युक्ती खणखणीत होती. तिचा अभिमान मला आजही आहे, खोटं कशाला बोलू?

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षी मी भूगोल शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे... तोंड चालू होतं. मन होतं केडगावला. तिथं बदली मिळेल का, नगरातलं घर जवळ पडेल का, हेच डोक्यात. त्या नादात बोलून गेलो — गोदावरी अरबी समुद्राला मिळते.

"न्हाई गुर्जी," हौसा म्हणाली. नदीकाठच्या वस्तीवरची पोर, रोज नदीवर पाण्याला जाणारी. "आपली नदी तं उगवतीकडं वाहती."

असा राग आला मला! पोरीनं भर वर्गात माझी चूक काढावी? तिच्या दोन्ही हातांवर छड्या ओढल्या. आणि वळलो तर भिंतीवर नकाशा — गोदावरी थेट बंगालच्या उपसागरात. आता काय करायचं? कबूल करायला जीभ रेटेना. हसलो आणि म्हणालो, "अरे, मी मुद्दाम चुकलो होतो! कुणाचं लक्ष आहे ते बघत होतो." पोरांनी टाळ्या पिटल्या.

"मंग मला मारलं कशापाई?"

"बोट वर न करता बोललीस म्हणून."

झालं. अशी जन्मली माझी युक्ती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गाची बोटं वर. हौसाचं नाही. चूक सगळ्यांच्या आधी तिच्याच ध्यानात यायची, मला तिच्या डोळ्यांत दिसायचं ते — पण हात मांडीवरच. वर्षभर. मी तिला एकदा तरी विचारलं का? नाही.

पुढे मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला ती आली, आपल्या पोराला घेऊन. पाया पडली. "ह्याचं ध्यानच लागत न्हाई गुर्जी, त्याला तुमची ती युक्ती सांगा," म्हणाली. "मी तवा लई येडी हुते. मला वाटलं, तुमी खरंच चुकला!" आणि हसली.

येडी नव्हती ती. मी खरंच चुकलो होतो. एवढंच म्हणायचं होतं मला, तिच्यासमोर, तिच्या पोरासमोर. पण गळ्यात हार होता, पुढं सगळं गाव बसलं होतं. मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला युक्ती समजावून सांगू लागलो.