पाण्याला विचारणाऱ्या देशकर मॅडम

देशकर मॅडमच्या पर्समध्ये कायम एक बटाटा असायचा. रायपूरच्या कृषी कार्यालयात मी नवी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी पेन शोधताना त्यांनी तो काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी पाहतच राहिले, तर म्हणाल्या, "भाजीचा नाही गं पोट्टी, कामाचा आहे."

काम होतं धानाच्या बियाण्याचं. पेरणीआधी त्या गावोगाव जाऊन बियाणं पारखायला शिकवत. बादलीभर पाण्यात बटाटा सोडायचा. तो तळाला जातो. मग मीठ घालून ढवळत राहायचं. पाणी पुरेसं खारं झालं की बटाटा हळूच वर येतो. आता त्यात धान ओतायचं. भरलेले दाणे तळाशी बसतात, पोचट आणि अर्धवट वर तरंगतात. वरचे काढून टाकायचे, खालचे साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे.

मला कृषीची पदवी होती, पण हे कधी हाताने केलेलं नव्हतं. मॅडम समजावत, "दोन दाणे दिसायले सारखे, जागाही सारखीच घेते. पण एक भरगच्च, दुसऱ्यात अर्धी हवा. दाण्यानं जेवढं पाणी बाजूले सारलं, त्याच्याहून तो हलका असला का पाणी त्याले वर ढकलते. अन् मीठ घातलं का पाणीच वजनदार होते, मंग अर्धवट दाणाही लपून नाही राहत."

गावात त्या छत्तीसगढीत बोलत. बियाणं कसं आहे असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "मोला झन पूछव, पानी ला पूछव." मला नका विचारू, पाण्याला विचारा.

शंकर नगरच्या घरात त्या, धाकटा भाऊ विलास, त्याची बायको आणि मुलगी असे चौघं राहत. वडील लवकर गेले. मॅडमनी स्वतःचं लग्न बाजूला ठेवून विलासला वाढवलं. अभनपूरच्या बाजारातलं त्याचं बियाण्याचं दुकानही त्यांनीच उभं करून दिलं होतं.

एका उन्हाळ्यात अभनपूरजवळच्या गावात आम्ही बादल्या मांडल्या. सुकवारो नावाची शेतकरीण नवं पोतं घेऊन आली. पोत्यावर विलासच्या दुकानाचा शिक्का होता. मी मॅडमच्या कानाशी लागले, "मॅडम, दुसरं पोतं घ्यायचं का?"

"काहून?"

मी नुसतं शिक्क्याकडे बोट दाखवलं. त्यांनी त्याच पोत्याचं तोंड सोडलं. साध्या पाण्यात जवळजवळ सगळं धान बुडालं. सुकवारोचा चेहरा खुलला, आणि मीही सुटकेचा श्वास टाकला. मॅडमनी मात्र दुसऱ्या बादलीत मीठ ढवळलं, बटाटा वर आला, आणि त्यांनी त्यात धान ओतलं. बघता बघता पाण्यावर दाण्यांचा जाड थर आला. मग मागून एकजण म्हणाला, "मैडम, ये तो आपके भाई की दुकान का है."

"हव," मॅडम म्हणाल्या. "दुकान मेरे भाई की है. पानी किसी का भाई नहीं. ये बोरी वापस कर दो, सुकवारो."

विलासकडून बियाणं घेतलेल्या बाकीच्यांनीही आपापली पोती दुकानात परत नेली. संध्याकाळी मी मॅडमना स्कूटीवरून घरी सोडलं, तेव्हा विलास दारातच उभा होता.

"ताई, आधी मले सांगता नाही आलं तुले?"

"मलेही तिथंच समजलं."

"साध्या पाण्यात तं बुडलं होतं नं! मीठ घालायची काय गरज होती?"

"अर्धवट दाणा साध्या पाण्यात बुडतेच, विलास. तो उगवलाही असता. पण रोप मरतुकडं निघालं असतं, अन् ते त्या बाईच्या शेतात."

माल देणाऱ्या ठोक व्यापाऱ्याने विलासलाही फसवलं होतं, त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. मॅडमना ते ठाऊक होतं, पण तेव्हा त्या ते बोलल्या नाहीत. महिनाभरात विलास बायको-मुलीला घेऊन अभनपूरला राहायला गेला.

त्यानंतर मॅडमचा डबा भलताच मोठा येऊ लागला. चौघांचा स्वयंपाक करायची हाताची सवय जात नव्हती. आम्ही सगळे ऑफिसात त्यांची भाजी खायचो. मी एकदा म्हटलं, "मॅडम, एक बार सॉरी बोल दीजिए ना."

"तो गेला त्याचं दुःख आहे मले," त्या म्हणाल्या. "पण माफी कशाची मागू, ते सांग."

काही वर्षांनी, त्या निवृत्त झाल्यावर, भाऊबीजेला विलास आपणहून आला. मॅडमनी ओवाळलं, जेवायला वाढलं. जुना विषय कुणी काढला नाही. निघताना चप्पल घालता घालता तो म्हणाला, "यंदापासून माल उचलायच्या आधी नमुना आणून देत जाऊ का तुले?"

"आण," मॅडम म्हणाल्या. "येताना मीठही आण. घरातलं संपत आलं आहे."

हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं, आणि सांगताना बराच वेळ हसत होत्या.

गेल्या हिवाळ्यात छोट्याशा आजाराने मॅडम गेल्या. यंदा पेरणीच्या तोंडावर विलासभैयांचा फोन आला. एका व्यापाऱ्याचा नमुना त्यांनी मिठाच्या पाण्यात टाकला होता आणि बराच वर आला होता.

"तो फिर वापस कर दीजिए, भैया," मी म्हटलं.

"केला," ते म्हणाले. "करायचा हे ठाऊकच होतं. पण कोणाले तरी सांगायचं होतं."