चिडवणारीलाच कॅप्टन केलं

"जो चिडवतो त्यालाच कॅप्टन करा, जबाबदारी पडली की सुधारतो." क्रीडाशिक्षक होऊ घातलेल्या पोरापोरींना मी वीस वर्षं हेच शिकवत आलो. मला माझ्या सरांनी सांगितलं, मी पुढं ढकललं. खरं-खोटं बघतो कोण!

यंदा आमचे सराव पाठ पिंपळगाव राजाकडच्या एका शाळेत होते. मी निरीक्षक, लिंबाखाली खुर्ची, मांडीवर गुणपत्रक. सातवीत अंगानं जाड अशी एक मुलगी होती. तिला 'भोपळा' म्हणून रोज छळणारीला पाठ घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यानं, माझ्या शब्दावर भरवसा ठेवून, खो-खोची कॅप्टन केलं. मग दोन कॅप्टननी आळीपाळीनं एकेकीला मागून घ्यायचं, ही आपली नेहमीची रीत. सगळ्या वाटल्या गेल्या, ही एकटी मैदानाच्या मधोमध उरली.

"हिले तुमीच ठेवा," ती कॅप्टन म्हणाली.

"आमाले काऊन?" दुसरी म्हणाली. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

विद्यार्थ्यानं गांगरून माझ्याकडं पाहिलं. आणि मी शहाण्यानं त्याला काय दाखवावं? घड्याळ! पाठ वेळेत संपला पाहिजे ना. त्यानं तिला चपला राखायला बसवलं. मी लिहिलं, 'वर्गनियंत्रण उत्तम'.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत येईना. आठवड्यानं आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. आई अंगणात वांगी निवडत होती.

"जेवन सोडलं जी पोरीनं. शाळेतून नाव काढा म्हन्ते," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

मी दाराशी उभा राहून अक्षरशः विनवलं, "बेटा, या सरांची चूक झाली. नवे आहेत ते. उद्या चल, मी स्वतः येतो." हो, मी त्याच्यावर ढकललं. सांगताना आजही मान खाली जाते.

आतून आवाज आला, "त्या सरायनं तं तुमच्याकडं पाह्यलं होतं. म्या पाह्यलं."



परतताना एसटीत विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, मंग त्या वक्ती मी करायचं काय होतं?"

मला रडू आलं. सोमवारी तिची आई शाळेतून दाखला घेऊन गेली.