फोनवाला म्हने, मीपण आंजीचाच!

बायाहो, भाजी मंग निवडजा, आधी हे वाचा!

माही नातसून सोनाली घरूनच कंपनीचं काम करते. आज ते गच्चीवर कपडे वाळू घालाले गेली, अन् तिचा फोन वाजला. म्या उचलला.

"सोनालीच्या ऑफिसमधून बोलतोय. फोनवर आलेला नंबर लवकर सांगा, नाहीतर तिचं काम बंद पडेल."

मी घाबरली. पन नवीन मानसाले गाव इचारल्याबिगर मले राहावतच नाई. "माह्यं माहेर आंजी. तू कुठचा रे बापू?"

"मीपण आंजीचाच."

अवो, माहेरचा मानूस! "कोनाचा तू? मारुतीच्या देवळाजवळचा का? माय कोन्या गावची तुही?" त त्यानं फोनच कापला!

सोनाली धावत आली. "आजी, नंबर सांगतला का?"

"तो कोनाचा हेच सांगत नाई, त मी काऊन सांगू?"

पोरगी मले बिलगलीच. म्हने, चोर होता तो. नंबर भेटला असता त कंपनीचं सारं काम त्याच्या हाती गेलं असतं अन् तिची नोकरी गेली असती. मंग तिनं मले लॅपटॉपसमोर बसवलं, अन् तिच्या कंपनीच्या मॅडमनं तिकडून टाळ्या वाजवल्या!

पन खरं सांगू? मले तो भाचाच वाटला होता. आंजीवालेहो, खरंच फोन करसान त आधी कोनाचे ते सांगजा. मले लय गोष्टी कराच्या हायेत.