दोनशे तेरावं कार्ड

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय, कारण शेजारच्या टेबलावरची सरोजाक्का म्हणाली, "तू लिही, नाहीतर मी सांगत सुटेन. आणि मी वाढवून सांगते!"

साल १९६८. बंगळूर, आमच्या कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली, सकाळचे अकरा. मी तिथल्याच बसवनगुडी भागातली, बरीच वर्षं कार्ड पंचिंग केलेली, म्हणजे यंत्राला वाचता यावं म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडलेली. चाळिशीनंतर प्रोग्रॅम लिहायला शिकले. पहिला छोटासाच – स्टोअरमधल्या सुट्या भागांची यादी छापणारा. दोनशे बारा कार्डांचा, एका कार्डावर एक सूचना. गठ्ठा हातातून पडला तर क्रम लावता यावा म्हणून आम्ही त्याच्या वरच्या कडेवर तिरपी रेघ ओढतो; प्रत्येक कार्डाच्या कडेला तिचा एक ठिपका येतो. माझी जांभळ्या शाईची, आठ महिन्यांपूर्वीची. ती बाटली तेव्हाच संपली. नंतर निळीच वापरली.

त्या दिवशी स्टोअरमधून ओरड आली – यादीतला शेवटचा भाग कधी छापलाच जात नाही! साहेब म्हणाले, "अक्का, तीनपर्यंत हे सरी करा, दुरुस्त करा. नाही जमलं तर उद्यापासून परत पंचिंग."

मी गठ्ठा पुढे ओढला. चूक दीड तासात सापडली. सुट्या भागाचं हातातलं कार्ड छापण्याआधीच मी प्रोग्रॅममध्ये 'कार्डं संपली का' असं विचारत होते, म्हणून शेवटचं न छापताच यंत्र थांबत होतं. एक सूचना वाढवायची, बस. नवं पाकीट फोडलं, कार्ड स्वतः पंच केलं, जागेवर घातलं, गठ्ठा चालवला. शेवटचा भाग छापला गेला. घड्याळात दोन.

नवं कार्ड घातलं की रेघेत केसाएवढी पांढरी फट पडते. रेघ पुन्हा ओढायला गठ्ठा सारखा केला... फट नव्हती. ते कार्ड उपसलं. कडेवर जांभळा ठिपका – इतरांइतकाच विटलेला, नेमका जागेवर. सरोजाक्काने नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

साहेब हसले. "म्हणजे कार्ड जुनंच होतं की! कुणीतरी आधीच करून ठेवलेलं."

"मग आठ महिने शेवटचा भाग कुठे जात होता, साहेब?" मी विचारलं.

साहेबांनी कार्ड उजेडात धरून पाहिलं आणि मला परत दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा प्रोग्रॅम माझ्या टेबलावर ठेवला – स्वतः लिहिलेला, अडलेला.

ते कार्ड अजून माझ्या खणात आहे; गठ्ठ्यात त्याची नक्कल घातली. रेघ कुणी ओढली, मला आजही सांगता येत नाही. भोकं मात्र माझी आहेत.