तीन डब्यांतला मका

...नाही गं मुक, ते खोडू नकोस. घाण आहे म्हणून खोडायला लागलीस तर अख्खा कागद कोरा राहील. तुझा सवेंग आजोबा घाणीनं गेला. मग त्याची गोष्ट काय अत्तर शिंपडून लिहिणार? लिही मी सांगते तसं.

सवेंग माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. धरणाच्या पाण्यात त्याच्यासारखं जाळं कोणी टाकलं नाही. हात असा फिरवायचा की जाळं ताटासारखं गोल पडायचं. तेवढं बघत राहावंसं वाटायचं. पण पुढचं बघवायचं नाही. होडीतच बसून बोटाएवढे मासे फळीवर घ्यायचा आणि सुरीनं टकाटक बारीक करायचा, खवल्यासकट, आतड्यासकट. वर लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची पूड आणि हातानं चुरडलेल्या लाल मुंग्या. झालं त्याचं कोई. चिकट भाताचा गोळा त्यात दाबायचा आणि मग कोपरापर्यंत चाटत बसायचा.

मला लहानपणापासून त्या वासानं ढवळून येतं. आई चिडायची. सवेंग म्हणायचा, "आक्का राजवाड्यात जन्मायची, रस्ता चुकली. अगं, लिंबानं शिजतो मासा. बघ, पांढरा झाला."

"भीतीनंही पांढरं पडतात, सवेंग. शिजत नाहीत."

तर घरात कच्चा मासा न खाणारी ही खम्पन एकटीच, मी. हे लक्षात ठेव, पुढचं सगळं ह्यावर आहे.

आता बुनलाई. गावाची आरोग्यसेविका. तिनंच पहिल्यांदा बाटलीतला किडा दाखवला होता. चपटा, वाळक्या पानासारखा, नखाएवढा. माशातून पोटात जातो आणि काळजातून, म्हणजे यकृतातून, पित्त ज्या नळीनं वाहतं त्या नळीत घर करतो. तिथंच खातो, तिथंच हगतो, तिथंच अंडी घालतो, वीस-वीस वर्षं. नळी आतून कुरतडून कुरतडून शेवटी तिथं कॅन्सर धरतो. मी त्या दिवशी जेवले नाही. सवेंग जेवला. म्हणाला, वर दारू प्यायली की किडे मरतात.

कापणी झाली की बुनलाई घरोघर छोट्या डब्या वाटायची, वर नावाची चिठ्ठी. सकाळी आपापली शी त्यात घालून द्यायची. अंडी निघाली तर गोळ्या मिळायच्या. आमच्या घरात तीन डब्या. एक माझी, एक सवेंगची, एक त्याच्या पोराची, तुझ्या देचामामाची. पोरगा चालायला लागला तेव्हाच त्याची आई वारली, मी विधवा होते, म्हणून एकत्रच राहायचो.

आणि ह्या गाढवाची अडचण काय, तर तरुणपणी ह्यानं बुनलाईला मागणी घातली होती. तोंडाला माशाचा वास येतो म्हणून तिनं नाही म्हटलं होतं. तर माझ्यासमोर येऊन उभा. "आक्का, जिच्यासाठी फुलांचा हार घेऊन गेलो होतो तिच्या हातात आता हे देऊ?"

"मग काय करायचं म्हणतोस?"

"तुझं थोडं दे."

हसू नकोस. तेव्हा मीही हसले होते. इतकं हसले की भिंतीला धरलं. आणि दिलं. देचाही बापामागून लाजायला लागला, म्हणून त्याच्याही डबीत माझंच. अकरा वर्षं, मुक. अकरा वर्षं मी काडीनं तीन डब्या भरल्या. दर वर्षी कागद यायचा, तिघंही स्वच्छ. सवेंग तो कागद भिंतीला डकवून त्याच्याखाली बसून कच्चा मासा खायचा.

मग एका सकाळी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. लघवी काळ्या चहासारखी, शी राखेच्या रंगाची, अंगाला अशी खाज की रक्त निघेपर्यंत ओरबाडायचा. शहराच्या इस्पितळात नेलं. नळी आणि काळजाचा मोठा तुकडा कापून काढला.

तिथं नारीरत म्हणून डॉक्टरीणबाई होती. ह्याच कॅन्सरवर तिचा अभ्यास चालला होता. दर महिन्याला सवेंगचं रक्त घ्यायची. मी विचारलं, "किड्याची अंडी शोधता का रक्तात?"

"नाही मावशी, त्याहून कितीतरी बारीक. चिठोऱ्या म्हणा ना. प्रत्येक पेशीत असतात. त्या स्वतः काही बांधत नाहीत, फक्त पेशीला हुकूम देणाऱ्या कोणाच्या तरी तोंडावर हात ठेवतात. काही चिठोऱ्या 'वाढ, वाढ' म्हणणाऱ्याचं तोंड दाबतात, त्या चांगल्या. काही मात्र 'थांब' म्हणणाऱ्या राखणदाराचंच तोंड दाबतात. कॅन्सर पहिल्या कमी करतो, दुसऱ्या वाढवतो. मग गाठीला आवरायला कोणी उरत नाही."

त्या चिठोऱ्यांना नंबर असतात. सवेंगची एकवीस नंबरची फार वाढली होती. कापल्यावर उतरली, चौथ्या महिन्यात परत चढली.

सवेंगनं सरळ विचारलं, "म्हणजे मी किती दिवस?"

"एका माणसाचं मी ह्यावरून सांगू शकत नाही, काका. अजून तपासतोय. पण जिथं ती जास्त असते तिथं गाठ पसरलेली दिसते, आणि ती माणसं लवकर जातात."

तो म्हणाला, "बरं झालं, आयुष्यात एक तरी नंबर लागला."

मग तिनं जुने कागद उलटले. "नवल आहे. अकरा वर्षं किड्याचं एक अंडं नाही. तुम्हाला मी बिनकिड्याच्या लोकांत धरलंय. आणि मुलगाही स्वच्छ, तेव्हा त्याला बोलवायची घाई नाही."

हे तिनं माझ्या तोंडावर सांगितलं. सवेंगनं चादरीखालून माझं मनगट दाबलं. आणि मी गप्प बसले. देचा रोज बापाच्याच ताटात खाऊन वाढलेला, त्याला जन्मात एक गोळी मिळालेली नाही, हे मला माहीत होतं. आणि मी गप्प. कशासाठी, तर लाजेसाठी. माशाची किळस मला साठ वर्षं आली, पण त्या दिवसानंतर स्वतःचा हात तोंडाजवळ नेताना येते तशी कधी नाही आली.

दहाव्या महिन्यात सवेंग गेला. पोट घागरीसारखं, हातपाय काड्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिक्खू पुढं मंत्र म्हणत होते. मी मागं चुलीकडे गेले आणि ऐकलं, टकाटक टकाटक. देचा फळीवर मासे बारीक करत होता. भोवती चार जण, भाताची दारू. बापाची शवपेटी अजून घरात, पलीकडेच, आणि हा लिंबू पिळतोय.

"आत्या, बाबांना आवडायचं," म्हणाला.

भांडं उचललं आणि कुत्र्यांपुढं उपडं केलं. नंतर वाटलं, कुत्र्यांनी तरी काय पाप केलं होतं. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "भिंतीवरचा तो स्वच्छ कागद तुझा नाही, माझा आहे. तिन्ही डब्यांत माझंच होतं."

बुनलाई ताटं पुसत होती. खाली बघूनच म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिन्ही डब्यांत मक्याचे दाणे, दर वर्षी. मका काय तिघं मोजून खायचात? पण गावाच्या सगळ्या डब्या भरून आल्या की आपल्या गावाला बक्षिसाची ढाल मिळायची, खम्पन. एका घरासाठी ती हातची गेली असती."

ती ढाल अजून आरोग्यकेंद्रात लटकते, सोनेरी. मी तिकडं बघून थुंकते. मग आठवतं, की काडी माझ्याच हातात होती.

डॉक्टरीणबाईला मी परवा जाऊन खरं सांगून आले. तिनं सवेंगचं नाव बिनकिड्याच्या यादीतून काढलं. म्हणाली, मुलाला पाठवा. शी तपासू, पोटावर यंत्र फिरवू, रक्त घेऊ. रक्तात दुसऱ्याचं घालता येत नाही, दंड समोर धरावा लागतो.

पण देचा येत नाही. धरणापलीकडे राहायला गेलाय. म्हणतो, आत्यानं बापाच्या पेटीसमोर अब्रू काढली. काढली. खरंच आहे ते.

तर बाई, लिहिलंस ना सगळं? उद्या तू होडीनं जाशील तेव्हा हा कागद मामाला वाचून दाखव. आणि ही रिकामी डबी त्याच्या हातात दे. धुऊन, उकळून ठेवलीय. नाव त्याचंच आहे वर. त्याला म्हणावं, आत्यानं सांगितलंय, ह्या वेळी तुझं तू भर, आणि बुनलाईकडे नको, स्वतः इस्पितळात डॉक्टरीणबाईकडे घेऊन जा.